नदीपलीकडचे तीन घोडे

हुकूम टेक्स्ट मेसेजने आला. २०२०चा जुलै, मंगळवार, दुपारचे सव्वाचार. मी सिडनीतल्या गिरावीनच्या घरी डायनिंग टेबलावर ऑफिसचं काम करत होते. मेसेजमध्ये तीन ओळी होत्या. उद्या 0700 वाजता डेपोत रिपोर्ट करा. कालावधी अंदाजे सहा आठवडे. ठिकाण, राज्याची सीमा.

मी तेव्हा आर्मी रिझर्व्हमध्ये कॉर्पोरल होते. रिझर्व्ह म्हणजे एरवी आपली नोकरी करायची, महिन्यातले काही दिवस युनिफॉर्म घालायचा आणि बोलावलं की जायचं. माझा ट्रेड ड्रायव्हरचा. सांगलीहून शिकायला आले, इथेच राहिले, सिटिझन झाले आणि बत्तिसाव्या वर्षी भरती झाले. नवरा, निखिल, तेव्हा हसला होता. त्या मंगळवारी हसला नाही. त्याने माझी बॅग भरायला घेतली.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. बॉर्डरवर चाललेय म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मी समजावलं की शत्रू वगैरे कुणी नाही. साथ पसरू नये म्हणून एका राज्याने दुसऱ्याची वाट बंद केली आहे. आपल्याकडे म्हैसाळच्या पुढे कर्नाटकात शिरताना नाका लागतो, तसाच नाका.

"मग त्याला मिलिटरी कशाला?" आईने विचारलं.

हा प्रश्न पुढे पुलावर मला रोज कुणी ना कुणी विचारला.

पूल नदीवर होता आणि नदी म्हणजेच सीमा. आमची तुकडी उत्तरेच्या काठावर. शस्त्रं नव्हती. पिवळं जॅकेट, मास्क, टॉर्च आणि रेडिओ. परवाने तपासायचं काम पोलिसांचं. आम्ही गाड्या लेनमध्ये लावायच्या, कागद तयार ठेवायला सांगायचे, परवाना नसेल त्याला वळायला जागा करून द्यायची. माझी शिफ्ट 0600 ते 1400. सकाळी धुकं इतकं असायचं की गाडीचे दिवे पुलाच्या मध्यावर आल्यावरच दिसायचे. बोटं आखडायची. नऊनंतर ऊन पडायचं.

तिसऱ्या दिवशी 0710 वाजता एक जुनी पांढरी यूट, म्हणजे इकडची पिकअप, आली. मागच्या हौद्यात सुक्या गवताचे दोन चौकोनी गठ्ठे. चालवणारी बाई सत्तरीपुढची, डोक्यावर लोकरी टोपी. नाव शर्ली. परवाना नव्हता.

तिने सगळं थोडक्यात सांगितलं. पूर्वी तिची घोडेस्वारीची शाळा होती. नवरा गेल्यावर ती बंद झाली. आता तीन घोडे उरले होते आणि ते आमच्या काठावर, पुलापासून चार किलोमीटरवरच्या भाड्याच्या कुरणात होते. हिवाळ्यात कुरणात काही उगवत नाही, म्हणून ती रोज सकाळी आपल्या शेडमधलं गवत घेऊन यायची. काठालगतच्या लोकांना ये-जा करायचा पास मिळत होता, पण तिचं घर त्या पट्ट्याच्या बाहेर पडत होतं. वेगळा अर्ज केला होता. उत्तर आलं नव्हतं.

पोलीस सार्जंटने ऐकून घेतलं आणि मान हलवली. आत येता येणार नाही. मी तिला गाडी वळवायला जागा करून दिली. वळताना तिने काच खाली केली.

"ते वाट बघत असतील, लव्ह," ती म्हणाली. तक्रार करत नव्हती. मला माहिती देत होती.

मी सार्जंटला विचारलं, गवत आपण घेतलं तर? त्याने खांदे उडवले. म्हणजे नाही म्हणाला नाही. शर्लीने गठ्ठे बॅरियरपाशी टाकले. शिफ्ट संपल्यावर मी ते आमच्या गाडीतून कुरणात नेले.

घोडा इतक्या जवळून मी त्याआधी फक्त वरातीत पाहिला होता. शर्ली फोनवर सांगत गेली, मी करत गेले. गवत तीन ढिगांत टाक, लांब लांब, नाहीतर मोठे दोघे छोट्याला खाऊ देत नाहीत. पाण्याच्या टाकीत काही पडलंय का बघ. लाल रंगाची घोडी डचेस, वय एकोणीस. तिच्यावर बसून दोनशेहून जास्त मुलं शिकली, असं शर्ली म्हणायची. काळसर तपकिरी, सगळ्यांत उंच तो मर्फी. आणि पिप, करडा पोनी, माझ्या छातीएवढा. दुसऱ्या दिवशी डचेसने माझ्या खिशात नाक घातलं. मी माझ्या मुलीला, इराला, फोटो पाठवला. तिचा उलट मेसेज आला, कॅन वी कीप हर.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळच्या ब्रीफिंगमध्ये लेफ्टनंटने नवा हुकूम वाचून दाखवला. बॅरियरपलीकडून कुठलीही वस्तू घ्यायची नाही. तेव्हा विषाणू कशाकशावर किती तास जगतो याची कुणालाच खात्री नव्हती. मी हात वर करून गवताबद्दल विचारलं.

"कुठलीही वस्तू, कॉर्पोरल."

"येस सर."

हुकूम चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. 0715 वाजता शर्ली आली. मी तिला दोन मीटर अंतरावरून सांगितलं. तिने गठ्ठे परत यूटमध्ये चढवले. मला मदत करता येत नव्हती. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी इकडे काहीतरी बघते.

हे वाक्य मी बोलायला नको होतं असं नाही. पण बोलल्यावर जे करायला हवं होतं, ते मला येत नव्हतं.

कुरणाला लागून कीथ नावाच्या शेतकऱ्याचा गोठा होता. साठीचा माणूस, कमी बोलणारा. मी कुंपणापाशी जाऊन अडचण सांगितली. तो लगेच तयार झाला. सुकं गवत त्याच्याकडे नव्हतं, दुष्काळात संपलं होतं. पण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले मोठे गोल गठ्ठे होते, ओलसर हिरवा चारा दाबून आंबवलेला. सायलेज. त्याच्या दोनशे गायी हिवाळाभर तेच खात होत्या. एक गठ्ठा तिघांना आठवडाभर पुरेल, म्हणाला. पैसे नकोत.

दुसऱ्या दिवशी 1430 वाजता त्याने ट्रॅक्टरवर गठ्ठा आणला. प्लॅस्टिक मी कापलं, माझ्या चाकूने. एका बाजूला मुठीएवढं भोक होतं. त्याखालचा चारा काळा आणि चिकट झाला होता. वास आला. आंबट नव्हे, कुजका. मी कीथकडे पाहिलं. त्याने तेवढा काळा भाग काट्याने ओढून बाजूला फेकला. बाकीचा ठीक आहे, म्हणाला. मला ठीक आणि बेठीक यातला फरक कळत नव्हता. घोडे आले आणि खाऊ लागले. पिप मागे उभा राहिला. तो पुढे झाला की मर्फी कान मागे पाडायचा.

मी शर्लीला फोन केला. कीथने राउंड बेल दिलाय, म्हटलं. तिने विचारलं, चांगला आहे ना? मी म्हटलं, त्याच्याकडचा सगळ्यांत चांगला. ती म्हणाली, त्याला थँक्स सांग.

राउंड बेल म्हणजे गोल गठ्ठा, तो सुक्या गवताचाही असतो. ती तेच समजली. प्लॅस्टिकचा उल्लेख मी केला नाही, कारण तो करायचा असतो हे मला माहीत नव्हतं.

पुढचे दोन दिवस पुलावर गर्दी होती. दोन्ही दिवस शिफ्ट वाढली आणि मला कुरणात जाता आलं नाही. कीथने लांबून पाहून सांगितलं, उभे आहेत, खातायत. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी 1420 वाजता पोचले.

डचेस आडवी होती. ऊन खात असेल असं वाटलं. जवळ गेले तर ती उठायचा प्रयत्न करू लागली. पुढचे पाय टाकले, खांदे थरथरले आणि पुन्हा बसली. मर्फी टाकीपाशी उभा होता. तोंड पाण्यात बुडवत होता, पण पाणी आत जात नव्हतं. नाकातून परत येत होतं. तोंडातून अर्धवट चावलेल्या चाऱ्याची लाळ लोंबत होती. मान खाली, जणू डोकं जड झालंय. पिप लांब कुंपणापाशी उभा राहून सुकं खुरटं गवत चघळत होता.

मी शर्लीला फोन लावला. जे दिसतंय ते क्रमाने सांगितलं. ती म्हणाली, "मर्फीच्या तोंडाच्या कडेने बोटं घाल. दात नसतात तिथे. जीभ हलकेच बाहेर ओढ आणि सोड."

मी केलं.

"आत घेतली?"

"नाही. तशीच लोंबतेय."



"तुम्ही त्यांना काय घातलंत?"

"राउंड बेल. मी सांगितलं होतं."

"प्लॅस्टिकमधला?"

"हो."

"तो आत्ता त्यांच्यापासून दूर कर. पिपला आधी बांध. व्हेटला मी फोन करते. पाऊण तासात पुलावर पोचते." आणि तिने फोन ठेवला.

कीथ ट्रॅक्टर घेऊन आला. गठ्ठा उचलून बाहेर नेला. मी पिपला शेडमध्ये बांधलं. मग रेडिओ घेतला. गाडीतला सेट पुलापर्यंत पोचत होता; तिथल्या कंट्रोलचं नाव झीरो, माझं टू-वन.

"झीरो, धिस इज टू-वन. मेसेज. ओव्हर."

"सेंड."

"सिव्हिलियन महिला, शर्ली, पांढरी यूट. पंचेचाळीस मिनिटांत पुलावर येईल. तिचे घोडे मरतायत. तिला आत सोडायची विनंती. ओव्हर."

"टू-वन, वेट, आउट."

मी थांबले. 1451. 1458. 1503ला पोलीस सार्जंट स्वतः रेडिओवर आला.

"जनावरांसाठी सूट देता येते. कागद मी करतो. पण तिला सांग, आत आली तर चौदा दिवस तिथेच. बाहेर पडायचं नाही, कुणी जवळ जायचं नाही. समजलं?"

"समजलं. थँक यू."

"ही विनंती पहिल्या दिवशीच लिहून द्यायला हवी होती, कॉर्पोरल."

ते खरं होतं. मला तसा फॉर्म असतो हे माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

व्हेट 1540ला आली. डॉक्टर क्लेअर, माझ्याच वयाची. तिने डचेसचा ताप पाहिला, नव्हता. पापण्या उचलून पाहिल्या, सोडल्यावर त्या पुन्हा अर्ध्या मिटल्या. शेपूट उचलली, ती दोरीसारखी पडली. मग ती बाहेर नेलेल्या गठ्ठ्याकडे गेली आणि हातमोजे घालून तो उकलू लागली. भोकापासून वीतभर आत ओल्या काळ्या थरात केस आणि बारीक हाडं निघाली. ससा असेल, उंदीर असेल. चारा कापताना यंत्रात आला आणि आत गुंडाळला गेला.

तिने मला आणि कीथला उभ्या उभ्या सांगितलं. याला बॉट्युलिझम म्हणतात. याचा जंतू मातीत सगळीकडे असतो आणि तिथे काही करत नाही. पण ओल असेल, हवा नसेल आणि काही कुजत असेल, तर तो वाढतो आणि विष बनवतो. सायलेज नीट आंबलं तर त्यातल्या आंबटपणामुळे तो वाढत नाही. प्लॅस्टिक फाटलं, आत माती गेली किंवा मेलेलं जनावर सापडलं की भरवसा संपला. हे विष नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आधी गिळणं जातं, मग पाय, शेवटी श्वास.

"माझ्या गायींना काही झालं नाही," कीथ म्हणाला.

"तुझ्या गायींना तू दरवर्षी लस देतोस, आणि हा गठ्ठा त्यांनी खाल्ला नाही. शिवाय घोड्याला गायीपेक्षा फार कमी विष पुरतं."

मी विचारलं, औषध आहे का. ती म्हणाली, उतारा असतो, पण तो रक्तात फिरणारं विष तेवढं अडवतो. नसांना चिकटलेलं काढत नाही. तिने तरी दोन ठिकाणी फोन केले. सगळ्यांत जवळचा साठा दीड दिवसावर होता. विमानं बंद होती. डचेसकडे पाहून तिने फोन खिशात ठेवला.

"तिला दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखत नाही. पण मेंदूला काही झालेलं नाही. तिला सगळं कळतंय."

पुलावरचे कागद पूर्ण करून शर्ली 1612ला आली. यूट फाटकापाशीच सोडून चालत आली. आम्ही मागे सरकलो. नियम दोन मीटरचा होता, आम्ही दहा मीटर सरकलो. ती ओल्या मातीत बसली आणि डचेसचं डोकं मांडीवर घेतलं. घोडीचे कान हलले नाहीत. पण शर्लीचा आवाज ऐकल्यावर तिचा श्वास बदलला, हे मी दहा मीटरवरून पाहिलं. शर्ली तिच्याशी हळू बोलत होती, पाठीवर बसलेल्या एखाद्या मुलाला सूचना देतात तशा सुरात. हील्स डाउन. लुक अप. गुड गर्ल. ते शब्द घोडीने आयुष्यभर ऐकले होते.

1635ला शर्लीने क्लेअरकडे पाहून होकारार्थी मान डोलावली. क्लेअरने इंजेक्शन दिलं आणि 1640ला डचेस गेली.

मर्फी तेव्हा उभा होता. पोटात नळी घालून त्याला पाणी दिलं. क्लेअर म्हणाली, उभा राहिला तर आशा आहे. मी तुकडीला ठरवून दिलेल्या वेळेला मुक्कामाच्या मोटेलवर परतले. सकाळी शिफ्ट बदलून घेतली आणि 0650ला कुरणात होते. तो आडवा पडला होता आणि छाती हलवताना मान ताणत होता. शर्ली त्याच्या बाजूला पोत्यावर बसली होती. क्लेअर 0705ला आली. 0710ला मर्फी गेला.

पिप वाचला. मोठ्या दोघांनी त्याला गठ्ठ्यापाशी फार येऊ दिलं नव्हतं. त्याने चार दिवस हळूहळू चावून खाल्लं, एकदा पाणी नाकातून आलं, आणि मग तो बरा झाला.

कीथने खड्डा खणला, नदीपासून लांब, उंचवट्यावर. क्लेअरने सांगितलं होतं की ही मढी उघड्यावर राहिली तर त्यांच्यातूनही हेच विष पसरेल. त्याने खोल खणला. उरलेला गठ्ठाही वेगळ्या खड्ड्यात पुरला. काम झाल्यावर तो टोपी काढून तिथे बराच वेळ उभा राहिला. त्याने शर्लीला काय सांगितलं मला माहीत नाही. त्या वर्षी त्याने सुकं गवत विकत आणून तिच्या शेडमध्ये टाकलं, एवढं माहीत आहे.

शर्ली चौदा दिवस तिथेच राहिली, कुरणात उभ्या असलेल्या तिच्या घोडे न्यायच्या ट्रेलरमध्ये गादी टाकून. मी रोज 1430ला फाटकावर जेवण ठेवायचे आणि मागे सरकायचे. पहिले पाच दिवस ती डबा घ्यायची, थँक्स म्हणायची, आत जायची. सहाव्या दिवशी मी बोलले. इंग्रजीत पाठ करून आले होते. चूक माझी आहे, वगैरे. तिने पूर्ण ऐकलं.

"तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "आणि मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. आता दोघींनीही शिकलं पाहिजे."

मग तिने मला शिकवलं. फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहून. गवत मुठीत घेऊन पिळायचं, ओल लागली तर नाही. नाकाशी धरायचं, कुबट वास आला तर नाही. गठ्ठा मधून उघडून पाहायचा, नुसता वरून नाही. फाटलेल्या प्लॅस्टिकमधलं घोड्याला कधीच नाही, थोडं खराब असेल ते काढून बाकीचं घालू, हेही नाही. चारा जमिनीवर चिखलात टाकायचा नाही. टाकीत मेलेला पक्षी दिसला तर सगळं पाणी ओतून टाकी घासायची. आणि लसीचं व्हेटला विचारायचं, आधी, नंतर नाही. ती एकेक गोष्ट सांगायची आणि मला परत म्हणायला लावायची. रिक्रूट ट्रेनिंगमध्येही मला कुणी इतकं पक्कं पाठ करून घेतलं नव्हतं.

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. पंधराव्या दिवशी पिपला ट्रेलरमध्ये चढवून ती पूल ओलांडून घरी गेली. मी ड्युटीवर होते. मी बॅरियर उचललं. तिने काच खाली केली नाही, पण दोन बोटं कपाळाला लावली.

नमुने लॅबला पाठवले होते. रिपोर्ट आला तेव्हा मी सिडनीला परतले होते. विष सापडलं नाही, नाकारताही येत नाही. क्लेअरने फोनवर सांगितलं, असं बऱ्याचदा होतं, लक्षणांवरूनच ठरवावं लागतं.

त्यानंतर दोन वर्षांनी मी रिझर्व्ह सोडलं. कारण दुसरं होतं, गुडघा. पण शर्लीशी फोन चालू होता. पिप आता एकटा राहू नये म्हणून तिने दोन शेळ्या पाळल्या होत्या.

गेल्या एप्रिलमध्ये इराच्या शाळेने मला वर्गात बोलायला बोलावलं. सैन्यात असलेले पालक येऊन बोलतात तसं. मी पुलाबद्दल सांगितलं, धुक्याबद्दल, रेडिओबद्दल. मग मागच्या रांगेतल्या एकाने हात वर केला.

"डिड एनी ऑफ युअर मेट्स डाय?"

टीचर त्याला थांबवायला निघाल्या. मी म्हटलं, असू दे.

"टू," मी म्हणाले.

"व्हॉट वेअर देअर नेम्स?"

"डचेस अँड मर्फी."

वर्ग हसला. ही जनावरांची नावं आहेत हे त्यांना लगेच कळलं. टीचरनी शूऽ केलं. इरा पहिल्या रांगेत होती, ती हसली नाही. मी मुलांना हसू दिलं. मग मी फळ्याकडे वळले, दोन्ही नावं लिहिली, नावांखाली वय लिहिलं, एकोणीस आणि बारा, आणि त्यांना कसं मरण आलं ते पहिल्यापासून सांगितलं. प्लॅस्टिक कापणारा चाकू माझा होता, इथपर्यंत.